कलम करता येत नाही काय?

लंडन शहरात थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर गाइज् इस्पितळ या नावाची एक जुनी संस्था आहे. थॉमस गाय नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने साउथ सी कंपनीच्या भागांच्या व्यवहारात अमाप द्रव्य मिळविले आणि त्यातून १७२१ साली या इस्पितळाची स्थापना केली. ज्या व्यवहारात सहस्रावधी लोक धुळीस मिळाले त्यातून हा गृहस्थ वेळीच बाहेर पडला व त्याचे द्रव्य रोग्यांच्या कामी आले, ही दैवाचीच लीला म्हणावयाची. या इस्पितळाशी जोडलेल्या वैद्यकविद्यालयात १९५० सालच्या सुमारास रॉय कॅल्न नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. वय अवघे एकोणीस-वीस. महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. त्याचे बरेचसे सहाध्यायी रणांगणावरून परत आलेले, वयाने व अनुभवाने प्रौढ असे होते.

विद्यार्थ्यांना खाटेपाशी नेऊन रोगी दाखविण्याची जी पद्धत आहे, तीनुसार एके दिवशी कॅल्नच्या वाट्याला एक रोगी आला. तो त्याच्याच वयाचा तरुण होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. गुरुजनांनी सांगितले की, हा रोगी सुमारे दोन आठवड्यांत मरेल. तोवर त्याला होईल तितका आराम द्यावा, याहून अधिक काही करण्याजोगे नाही. कॅल्नला बागकामाची माहिती होती. गुलाबाचे कलम कसे बांधतात हे त्याने पाहिले होते. त्याने सरळ विचारले की, या रोग्याला दुसरे मूत्रपिंड बसविता येणार नाही काय? उत्तर मिळाले, नाही. का नाही, असे त्याने पुन्हा विचारले. तेव्हा उत्तर मिळाले की, ते करता येत नाही म्हणून.

हे उत्तर उद्धटपणाचे वाटते. परंतु ज्यांनी ते दिले त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नव्हे. शिक्षकाच्या धंद्यात असा प्रसंग वारंवार येतो. विद्यार्थी एखादा प्रश्न विचारतो, शिक्षकाला त्याचे उत्तर ठाऊक नसते, आणि आपल्याला ठाऊक नाही हे सांगण्याऐवजी तो ती गोष्ट अशक्य असल्याचे सांगून मोकळा होतो. शिवाय त्या इस्पितळात या रोगाचा इतिहास मोठा होता. याच ठिकाणी रिचर्ड ब्राइट या वैद्याने १८२७ साली मूत्रपिंडाच्या दाहाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले होते. अंगावर सूज, लघवीत पांढरा बलक, आणि मृत्यूनंतर उघडून पाहिले असता विकृत झालेली मूत्रपिंडे, या तिन्ही गोष्टींचा परस्परसंबंध त्याने दाखवून दिला. पुढे शंभर वर्षे जगभर हा रोग ब्राइटचा रोग याच नावाने ओळखला जात होता. रोगाला नाव मिळाले, त्याची लक्षणे कळली, निदान अचूक होऊ लागले. उपाय मात्र सव्वाशे वर्षांत सापडला नाही. ज्या वास्तूत रोगाचा शोध लागला तेथेच एका विद्यार्थ्याने उपायाविषयी विचारावे, आणि तेथेच त्याला नकार मिळावा, असा हा योग होता.

आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. एका जिवंत माणसाच्या शरीरातील काही भाग काढून दुसऱ्या जिवंत माणसाच्या शरीरात घालावा, ही कल्पना गाइज् इस्पितळाला नवी नव्हती. तेथील अध्यापक जेम्स ब्लंडेल याने १८१८ साली एका माणसाचे रक्त दुसऱ्या माणसाच्या शिरेत घालण्याचा प्रयोग केला होता. तो पहिला रोगी वाचला नाही. परंतु पुढे प्रसूतीनंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रियांवर त्याने हा उपाय केला आणि काहींचे प्राण वाचविले. रक्ताच्या बाबतीत दात्याची चिंता कोणाला फारशी वाटली नाही, कारण दिलेले रक्त काही आठवड्यांत भरून येते. मूत्रपिंड पुन्हा उगवत नाही.

कॅल्नच्या प्रश्नाच्या पोटात खरे पाहता दोन प्रश्न होते. एक, दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीर स्वीकारील काय? आणि दुसरा, ते मूत्रपिंड आणावयाचे कोणाच्या शरीरातून? पहिला प्रश्न शास्त्राचा होता. परक्याचे कातडे लावले असता काही दिवसांत ते गळून पडते, हे युद्धात भाजलेल्या सैनिकांवर उपचार करताना दिसून आले होते. पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने त्याचे कारण शोधून काढले: शरीर परक्या ऊतीला शत्रू मानते व तिचा नाश करते. १९५३ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून असेही दाखविले की, जन्मापूर्वी परक्या पेशींची ओळख करून दिल्यास हे वैर नाहीसे होते. काही वर्षांनी ऑक्सफर्ड येथे मेडावरचे या विषयावर व्याख्यान झाले, तेव्हा श्रोत्यांत कॅल्न होता. व्याख्यानाच्या अखेरीस एका विद्यार्थ्याने विचारले की, या शोधाचा रोग्यांना काही उपयोग होईल काय? मेडावरने उत्तर दिले, मुळीच नाही. ज्याला १९६० साली याच कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, त्या थोर पुरुषाचे हे उत्तर होते.

दुसरा प्रश्न मात्र शास्त्राचा नव्हता, आणि तो सोडविण्यास विद्वान पुढे आले नाहीत; घरची माणसे आली. १९५२ सालच्या नाताळात पॅरिसमधील नेकेर इस्पितळात सोळा वर्षांचा एक सुतार मुलगा होता. परातीवरून पडून त्याचे मूत्रपिंड फाटले होते. डॉक्टरांनी ते काढून टाकले, आणि मग ध्यानात आले की जन्मतःच त्याला एकच मूत्रपिंड होते. मुलाच्या आईने आपले मूत्रपिंड घ्या असा आग्रह धरला. जाँ हांबुर्गे यांच्या पथकाने ते बसविले. ते लगेच काम करू लागले. तीन आठवडे साऱ्या फ्रान्सचे डोळे त्या खाटेकडे लागले होते. नंतर शरीराने ते नाकारले व मुलगा मरण पावला. आईचे मूत्रपिंडही परके ठरले, हे कठोर सत्य त्या बावीस दिवसांनी वैद्यकाला शिकविले.

दोन वर्षांनी अमेरिकेत बोस्टन येथे जे घडले ते सुप्रसिद्ध आहे; तथापि त्यातील काही बारकावे सहसा सांगितले जात नाहीत. रिचर्ड हेरिक नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाला ब्राइटच्याच जातीचा मूत्रपिंडाचा विकार जडला होता. त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड निरोगी होता. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत परकेपणा नसतो, तेव्हा शरीर मूत्रपिंड स्वीकारील अशी आशा होती. दोघे खरोखर त्या जातीचे जुळे आहेत काय याची खात्री करण्यासाठी रोनाल्डच्या कातडीचा तुकडा रिचर्डच्या हातावर लावून पाहिला, तो जगला. बोटांचे ठसे तपासण्यासाठी दोघांना पोलीस ठाण्यावर नेले, तेव्हा ती बातमी वृत्तपत्रांच्या हाती लागली.

शस्त्रक्रिया करणारे जोसेफ मरी यांना तंत्राची फारशी भीती नव्हती. कुत्र्यांवर त्यांनी ही क्रिया अनेकदा केली होती. एका शवावर रंगीत तालीमही झाली होती. त्यांना अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती. एरवी शस्त्रवैद्याने ज्याच्या अंगावर शस्त्र चालविले, ते त्याच्याच बऱ्यासाठी. येथे एका ठणठणीत माणसाचे पोट फाडावयाचे होते, आणि त्यापासून त्याला शारीरिक लाभ तिळमात्रही नव्हता. रोग्याला अपाय करू नये, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून शिकविले जाते. रोनाल्ड तर रोगीही नव्हता. मरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्य वैद्यांचा सल्ला घेतला, कायदेपंडितांना विचारले, निरनिराळ्या धर्मांच्या उपदेशकांना विचारले. मग साऱ्या कुटुंबाला एकत्र बसवून धोके समजावून दिले आणि आपण कोणताही आग्रह करीत नसल्याचे सांगितले.

त्या बैठकीत रोनाल्डने एकच प्रश्न विचारला: पुढे जन्मभर आपल्या प्रकृतीची जबाबदारी इस्पितळ घेईल काय? दात्याचे मूत्रपिंड काढण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या हार्टवेल हॅरिसन यांनी, तशी जबाबदारी इस्पितळ घेऊ शकत नाही, असे प्रांजळपणे सांगितले. परंतु लगेच उलट विचारले की, तुला कधी गरज पडली तर या खोलीतील एक तरी माणूस तुला पाठ दाखवील असे वाटते काय? रोनाल्डने विचार केला व तो तयार झाला. तोवर त्याच्यावर एकच शस्त्रक्रिया झाली होती, ती आंत्रपुच्छाची, आणि तीही त्याला फारशी रुचली नव्हती. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठविली की, तू येथून निघून घरी जा. रोनाल्डने उलट चिठ्ठी धाडली की, आपण आलो आहोत आणि येथेच राहणार.

२३ डिसेंबर १९५४ रोजी शस्त्रक्रिया झाली. एकाच्या शरीरातून निघून दुसऱ्याच्या शरीरात रक्त खेळू लागेपर्यंत ते मूत्रपिंड ८२ मिनिटे रक्तावाचून होते. चिमटे सोडताच ते गुलाबी झाले आणि मूत्र वाहू लागले. रिचर्ड बरा झाला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशीच त्याने लग्न केले, त्याला दोन मुले झाली, आणि तो आठ वर्षे जगला.

यानंतर आणखी जुळी भावंडे बोस्टनला येऊ लागली, आणि प्रश्न अधिक बिकट झाला. कारण त्यांतील काही अल्पवयीन होती. १९५७ साली मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयापुढे अशी तीन प्रकरणे गेली. त्यांतील एक जोडी एकोणीस वर्षांची होती, दोन जोड्या चौदा वर्षांच्या. चौदा वर्षांच्या मुलाची संमती ही संमती म्हणावी काय? न्यायाधीशांनी परवानगी दिली. परंतु त्यासाठी जे कारण दिले ते विचार करण्यासारखे आहे. भाऊ मेला तर निरोगी मुलाच्या मनाला जन्माची जखम होईल, म्हणून मूत्रपिंड देण्यात त्याचाही लाभ आहे, असे त्यांनी म्हटले. दात्याला काहीतरी लाभ होतो असे दाखविल्यावाचून न्यायासनालाही पुढे पाऊल टाकता आले नाही. हा युक्तिवाद कनवाळू आहे, पण निर्धोक नाही. घरातील एखाद्या दुबळ्या माणसाला याच युक्तिवादाने कोपऱ्यात गाठता येते.

इकडे कॅल्न स्वस्थ बसला नव्हता. जुळ्यांवाचून इतरांसाठी काही उपाय काढावा, या हेतूने त्याने कुत्र्यांवर प्रयोग आरंभिले. प्रथम क्ष-किरणांचा मारा करून पाहिला, तो फसला. १९५९ साली अमेरिकेतील दोन वैद्यांचा एक निबंध त्याच्या वाचनात आला. रक्ताच्या कर्करोगावरील एका औषधाने प्राण्यांची प्रतिकारशक्ती मंदावते, असे त्यात होते. ते औषध दिल्यावर रोपण केलेली मूत्रपिंडे पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकली. मग तो बोस्टनला मरी यांच्याकडे गेला, आणि त्या औषधाच्या सुधारलेल्या रूपाने, म्हणजे अझाथायोप्रीनने, १९६२ सालापासून जुळे नसलेल्या माणसांतही रोपण साधू लागले. पुढे केंब्रिज येथे त्याने सायक्लोस्पोरिन हे औषध १९७८ साली रोग्यांवर प्रथम वापरले. जे करता येत नाही म्हणून सांगितले होते, ते विद्यार्थ्याने प्रश्न विचारल्यापासून बारा वर्षांत होऊ लागले होते. सर रॉय कॅल्न २०२४ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, निवर्तले.

परंतु औषधांनी पहिला प्रश्न जसजसा सुटत गेला, तसतसा दुसरा वाढत गेला. पूर्वी जुळा भाऊच चालत असे. आता आई, बाप, बहीण, पत्नी, कोणीही चालू लागले. डॉक्टरांचे मन याबाबतीत साशंक होते, आणि ही साशंकता विद्यार्थ्यांतही उतरत होती. आप्त नसलेला कोणी आपण होऊन मूत्रपिंड देऊ लागला तर त्याच्या मनोवृत्तीविषयीच शंका घेतली जाई. १९६८ ते १९७० या काळात विस्कॉन्सिन येथील फेलनर व मार्शल या दोन मानसवैद्यांनी दात्यांना भेटून एक नवल उजेडात आणले. डॉक्टरांची समजूत अशी की, दाता सर्व धोके ऐकतो, तोलून पाहतो, मग निर्णय घेतो. प्रत्यक्षात बहुतेक दात्यांनी आपला निर्णय पहिली बातमी ऐकताच, कित्येकांनी तर दूरध्वनीवरच, घेऊन टाकलेला होता. डॉक्टरांचे व्याख्यान त्यानंतरचे. जळत्या घरात मूल अडकले असता आई वेळापत्रक पाहत नाही, तसाच हा प्रकार. वैद्याला मात्र आपल्या शास्त्राप्रमाणे तोलूनच पाहावे लागते. अमेरिकेतील ८०,००० हून अधिक दात्यांची नोंद तपासली असता असे दिसले की, मूत्रपिंड दिल्यानंतर ९० दिवसांच्या आत मरण पावणाऱ्यांचे प्रमाण १०,००० मागे सुमारे ३ आहे. आकडा लहान खरा. पण ते तिघे निरोगी होते.

आपल्या देशात मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात १९६५ साली मृताच्या मूत्रपिंडाचे रोपण करण्यात आले, परंतु रोगी फार दिवस जगला नाही. जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण १९७१ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. पुढील वीस वर्षांत ही विद्या देशभर पसरली आणि तिच्या मागोमाग बाजारही आला. मद्रासेत ज्यांनी मूत्रपिंडे विकली होती अशा ३०५ लोकांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी शेकडा ९६ जणांनी कर्ज फेडण्यासाठी हा व्यवहार केला होता. विक्रीनंतर त्यांचे कौटुंबिक उत्पन्न तिसऱ्या हिश्श्याने घटले होते, आणि बहुतेकांची प्रकृती पूर्वीपेक्षा खालावली होती. अवयवही गेला व कर्जही राहिले. हा व्यापार बंद करण्यासाठी १९९४ साली केंद्र सरकारने कायदा केला, व तो आरंभी ज्या थोड्या राज्यांत अमलात आला त्यांत महाराष्ट्र व गोवा ही होती. विक्री हा गुन्हा ठरला. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, पती, पत्नी यांना देता येऊ लागले. २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा व नातवंडेही त्यात आली. इतरांसाठी समितीची परवानगी लागते.

कायद्याने बाजार बराच आवरला. घरातील दडपण मात्र कायद्याच्या टप्प्यात येत नाही. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत भारतात जिवंतपणी केलेली अवयवदाने सुमारे ५६,५०० झाली; त्यांपैकी सुमारे ३६,००० स्त्रियांनी केलेली होती. घेणाऱ्यांत पुरुषच बहुसंख्य. यांतील कितीजणींनी बोस्टनच्या रोनाल्डप्रमाणे मोकळ्या मनाने होकार दिला आणि कितीजणींना नाही म्हणण्याची सोयच नव्हती, हे आकड्यांवरून कळत नाही. ते कळून घेण्याची जबाबदारी ज्या तरुण डॉक्टरवर येते, तो बहुधा नुकताच परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेला असतो. दात्याची कागदपत्रे भरून घेणारा, पत्नीला एकटीला बाजूस बोलावून विचारणारा, किंवा न विचारणारा, तोच असतो.

म्हणूनच वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे या बाबतीतील मत काय असते, याची चौकशी अलीकडे देशोदेशी होऊ लागली आहे. या चौकशांत साधारणपणे एकच सूर ऐकू येतो. मरणोत्तर दानाला विद्यार्थी मोकळेपणाने होकार देतात. आईवडिलांसाठी किंवा भावंडांसाठी जिवंतपणी देण्यासही बहुतेक तयार असतात. परक्यासाठी म्हटले की संकोचतात. आणि कायदा, दात्याची पुढील प्रकृती, यांविषयीचे त्यांचे ज्ञान पुष्कळदा त्यांच्या उत्साहाहून थोडे असते.

यात आश्चर्य नाही. विद्यार्थ्याची दानाशी पहिली ओळख होते ती शवविच्छेदनाच्या टेबलापाशी. कलकत्त्याच्या विद्यालयात १८३६ साली मधुसूदन गुप्त व त्यांच्या विद्यार्थ्यांनी समाजाचा रोष पत्करून शवाला सुरी लावली, तेव्हा त्यांना जो धीर करावा लागला तो आज लागत नाही. मृत देहाला इजा होत नाही, हे विद्यार्थी प्रथम वर्षातच शिकतो. जिवंत दात्याविषयी मात्र त्याला कोणी फारसे सांगत नाही. पाठ्यपुस्तकात रोग्याचे प्रकरण असते. दात्याची गणना रोग्यांत होत नाही, म्हणून त्याचे प्रकरणही नसते. शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा तरी दात्याची तपासणी व्हावी हे सर्वमान्य आहे, पण बाह्यरुग्ण विभागात रांग लागते ती घेणाऱ्यांची. देणारा बहुधा कामावर परतलेला असतो.

रोनाल्ड हेरिकही कामावर परतला. तो मेन प्रांतात शेती करीत असे व शाळेत गणित शिकवीत असे. रिचर्ड १९६३ साली गेला. रोनाल्ड एकाच मूत्रपिंडावर ५६ वर्षे जगून डिसेंबर २०१० मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, वारला.

आपल्याकडे नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्ली येथे, जन्मतःच यकृताचा विकार असलेल्या एका वीस महिन्यांच्या दाक्षिणात्य मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा एक भाग बसविण्यात आला. लहान मुलावर झालेली ती देशातील पहिली यशस्वी यकृतरोपणाची शस्त्रक्रिया होती. तो मुलगा पुढे वैद्यकविद्यालयात गेला, आणि आता डॉक्टर आहे.